दांडीच्या जागी देव

आज सकाळी डोळे उघडल्यावर पहिली शिवी तुम्ही कुणाला घातलीत? खरं सांगा. मोठ्याने नसेल, मनातल्या मनात म्हणते मी. घड्याळाला? नळाला? की स्वतःच्याच गुडघ्याला? मला विचाराल तर माझी पहिली शिवी कित्येक वर्षं ठरलेली होती. ती भिंतीला जायची. भिंतीचा दोष नव्हता, ती बिचारी पातळ होती. दोष होता भिंतीपलीकडच्या मावशीचा. ती उजाडायच्या आत देवाचे आभार मानायला बसायची, आणि तेही अशा आवाजात, की जणू देव पलीकडच्या टेकडीवर लाकडं फोडतोय आणि त्याला जेवायला बोलवायचंय.

सगळे तिला आभारमावशी म्हणायचे. तिला खरं नाव होतं, पण ते फक्त पाळकसाहेबांना ठाऊक असावं. उंचीने ती माझ्या खांद्याला लागायची. अंगाने अशी, की वाऱ्याने उडू नये म्हणून खिशात दगड ठेवावेत. पण आवाज! आवाज देताना देवाचा हात सुटला होता.

तिचा एक नियम होता. शिळे आभार चालत नाहीत. काल पाण्याबद्दल मानले ना, मग आज पाणी नाही. आज दुसरं शोधायचं. "रोज तेच तेच बोललीस तर तुझा नवरा तरी ऐकेल का?" असं ती विचारायची. मला नवरा नव्हता, त्यामुळे हा मुद्दा मला पटला नाही. पण ती रोज सकाळी खरोखर शोधायची. अंथरुणात बसल्या बसल्या खोलीभर नजर फिरवायची आणि काहीतरी पकडायचीच.

"प्रभू, उंदरानं साबण खाल्ला, पण पाव तसाच ठेवलास. तुझे आभार."

मग काकांचा आवाज यायचा. काका म्हणजे तिचा नवरा. आयुष्यभर रुग्णवाहिका चालवली, भोंग्याखाली बसून एक कान गेला, दुसरा अर्धा राहिला. "पाव चाखला असेल त्यानं. आवडला नसेल."

"तुमच्याच चवीचा उंदीर आहे म्हणायचा."

"आणि एवढं ओरडतेस कशाला? देवाला कमी ऐकू येतं का?"

"देवाला नाही, तुम्हाला येतं. तुम्हीही आमेन म्हणायला हवं ना!"

एकदा तर माझाच नंबर लागला. "प्रभू, शेजारची पोर काल दिवसभर कुणावर ओरडली नाही, तिच्या घशाला तू विश्रांती दिलीस."

"काल ती घरी नव्हती," काका म्हणाले.

"तेच तर. घराला दिलीस म्हणते मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि दार असं आपटलं की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. मग भिंतीपलीकडून, "आणि प्रभू, तिचं दार अजून बिजागरीवर आहे, त्याबद्दलही."

आता तुम्ही म्हणाल, ही बाई नास्तिक दिसते. अजिबात नाही. मीही त्याच चर्चची, त्याच बाकावर वाढलेली. पण मावशीची प्रार्थना म्हणजे पाहुणचार आणि माझी प्रार्थना म्हणजे मोर्चा. घोषणा देत जायचं, दार वाजवायचं, उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही. देवानं मला अजून हाकललेलं नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. शाळा माझी लवकर सुटली. जे शिकले ते भांडता भांडता शिकले, आणि बरंच शिकले. त्यामुळे "जे आहे त्यात समाधान माना" असं म्हणणाऱ्या माणसाला बघितलं की माझे हात शिवशिवतात. हे वाक्य मी आजवर कुठल्याही उपाशी माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही. जेवून उठलेलेच ते बोलतात.

आणि मला वाटायचं, मावशी त्यांचंच काम सोपं करतेय.

आम्ही दोघी एका मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत होतो. लाँड्री तळघरात. वर लोक जन्मायचे, मरायचे, बरे व्हायचे, आणि त्या सगळ्याच्या चादरी खाली आमच्याकडे यायच्या. एका बाजूला धुण्याचे मोठे ड्रम, मग पिळायचं मशीन, आणि शेवटी रोलर. रोलर म्हणजे वाफेनं तापलेली, माणसाच्या कमरेएवढी जाड, एकमेकांना चिकटून फिरणारी दोन लोखंडी लाटणीच समजा. मावशी अलीकडून ओल्या चादरीची दोन टोकं धरून आत द्यायची, रोलर चादर गिळायचा, आणि पलीकडे मी ती कडकडीत, गरम, सरळ झालेली चादर धरून घडी घालायचे. दिवसभर आमची तोंडं एकमेकींकडे. मधे वाफ.

आता नीट ऐका, कारण इथेच सगळं आहे. रोलरच्या तोंडापुढे एक आडवी दांडी असते. चादरीबरोबर चुकून हात पुढे गेला तर तो आधी दांडीला लागतो, दांडी दाबली जाते, रोलर जागच्या जागी थांबतो. आमची दांडी तुटली, दुरुस्तीला गेली, आणि रुसून माहेरी गेल्यासारखी परत आलीच नाही. रोलर बंद ठेवायचा म्हणजे वर चादरी कमी पडणार. म्हणून तो तसाच चालू. आणि मावशीच्या डोक्यावरून जायचा वाफेचा पाईप. गंजलेला, सांध्यातून गळणारा. त्या सांध्यावर आमच्या मॅनेजरने एक निळा टॉवेल गुंडाळून तारेनं आवळला होता. कुणी विचारलं की म्हणायचा, "नवीन सांगितलाय. येईल." असं म्हणताना तो तारणाऱ्या येशूच्या दुसऱ्या येण्याबद्दल बोलतोय असं वाटायचं. श्रद्धा पक्की, तारीख नाही.

मॅनेजरही आमच्याच चर्चचा. पहिल्या बाकावर बसणारा. गाण्यात त्याचा खर्जातला आवाज, आणि आमेन तर असं, की ड्रमचं झाकण पडल्यासारखं. चर्चमध्ये कुणाचीही प्रार्थना संपली की आधी त्याचं आमेन पडायचं, मग आमची बारीकसारीक. माणूस वाईट नव्हता, हे लिहिताना माझा हात जड होतोय, पण नव्हता. फक्त त्याला वरच्या लोकांपुढे तोंड उघडायची भीती वाटायची, आणि आपली भीती त्यानं आमच्या डोक्यावर टॉवेल बांधून ठेवली होती.

एके दिवशी काम ऐन भरात असताना पाईपाचा सांधा फुटला. टॉवेलच्या खालून वाफेची धार सुटली, सरळ, पांढरी, शिट्टी वाजवत. मावशी त्याच क्षणी खाली वाकली होती, हातातून निसटलेली चादर उचलायला. धार तिच्या वाकलेल्या पाठीच्या वरून गेली आणि समोरच्या भिंतीचा रंग पोपडे धरून खाली आला. मी पलीकडून बघत होते. माझ्या हातातली चादर रोलरमधून येतच राहिली आणि माझ्या पायाशी ढीग झाला. कुणीतरी वाफ बंद केली. मावशी उठली, भिंतीकडे पाहिलं, डोक्याचा रुमाल सारखा केला आणि म्हणाली, "प्रभू, तुझे आभार."

मी किंचाळले. वाफेपेक्षा मोठ्याने. "आभार? मावशी, आभार?"

"मग काय करू? माझं डोकं जागेवर आहे."

मॅनेजरने वरून दुसरी तार आवळली.

त्यानंतर मी काय केलं ते सगळं सांगत बसत नाही, स्वतःचे पोवाडे गाणाऱ्यातली मी नाही. एवढंच सांगते की बाया घेऊन मी वरच्या जिन्यावर ठाण मांडलं, आणि चादरी नाहीत म्हटल्यावर दवाखान्याच्या विश्वस्तांना तळघर असल्याची आठवण झाली. त्यांनी बाहेरून एक तपासणीस बाई बोलावली. ती येणार, आमचं ऐकणार, आणि सांगणार की लाँड्री चालायला योग्य आहे की नाही. योग्य म्हणाली की संपलं. पुन्हा कोण विचारतंय? मावशी त्याच पाईपाखाली, त्याच रोलरपुढे, निवृत्तीपर्यंत. किंवा त्याच्या आधीपर्यंत.

मी बोलायला तयारच होते. पण मॅनेजर काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो गोड आवाजात म्हणाला, "ताई दरवेळी बोलतातच. जी बाई रोज त्या पाईपाखाली उभी असते तिलाच विचारू या ना. मावशींना." आणि माझ्याकडे बघून हसला. विश्वस्तांना ते फार न्यायाचं वाटलं. मला मात्र तिथेच घाम फुटला. आभारमावशीच्या तोंडून तक्रार? तिला लॉरीनं उडवलं असतं तर ती नंबरप्लेट स्वच्छ होती म्हणून आभार मानून मेली असती.

आदल्या संध्याकाळी मी तिची शिकवणी घ्यायला गेले. त्यांची एकच खोली. एक पलंग, एक स्टोव्ह, खिडकीत एक टमाट्याचं रोप, ज्याला कधी टमाटा लागला नाही पण ज्याच्या पानांबद्दल अधूनमधून आभार मानले जायचे. काका पलंगावर पाय पसरून, चांगला कान आमच्याकडे करून बसले होते.

"मावशी, माझ्यामागे म्हण. पाईप गळतो."

"पाईप गळतो. पण देवाच्या दयेनं..."

"पण नाही! 'पण' म्हणायचं नाही. पाईप गळतो, पूर्णविराम."

"पूर्णविराम म्हणू का?"

काका खोखो हसले. "अगं, हिच्या तोंडून तक्रार काढायची म्हणजे त्या रोपाला टमाटा लागायचा. चाळीत पाणी आलं नाही तर म्हणते, आज घागर उचलावी लागली नाही."

"बरं," मी म्हटलं, "सरावासाठी काकांबद्दल एक तक्रार कर. एकच. बायकोला ते अवघड नसतं."

मावशीने काकांकडे नीट पाहिलं. काकांनी पाय जवळ घेतले. "घोरतात," ती म्हणाली.

"शाब्बास! पुढे?"

"घोरतात म्हणजे आहेत." तिने स्टोव्हवरचं पातेलं उगाच हलवलं. "छातीचं दुखणं झालं होतं यांना, तेव्हा दवाखान्यात ठेवलं होतं. मी इथं एकटी. खोली इतकी गप्प होती, काय सांगू तुला. तेव्हा मी देवाला म्हटलं, मला ते घोरणं परत दे. दिलं त्यानं. आता तक्रार कुठल्या तोंडानं करू?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. मी टमाट्याच्या रोपाकडे. पण मीही हट्टाची. "मावशी, घोरण्यानं डोकं उडत नाही. पाईपानं उडेल. उद्या तू 'सगळं देवाच्या दयेनं बरं चाललंय' म्हणालीस ना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आयुष्यात नाही."

"बरं," ती म्हणाली. "जे आहे तेच सांगेन. खोटं मला येत नाही, ते तुला माहीत आहे."

हेच ऐकून मी घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने आमच्या जेवायच्या खोलीत बैठक मांडली. बाईंवर छाप पडावी म्हणून टेबलावर पांढरी स्वच्छ चादर, त्यावर पेल्यात फुलं, आणि खुर्च्या गोलाकार. आणि इथेच त्याने चूक केली, जी आमच्या चर्चमधला माणूसच करू शकतो आणि आमच्याच चर्चमधल्या माणसाला भोवते. कारण आठवड्याच्या मधल्या वारी आमच्या घरोघर प्रार्थनासभा भरते तेव्हा अगदी असंच असतं. पांढरं कापड, पेल्यात फुलं, गोलात खुर्च्या. आणि त्या सभेत आभाराची प्रार्थना कोण चालवतं? तुम्हीच सांगा.

तपासणीस बाई आली. जाडसर, चेहरा कंटाळलेला, सर्दीने नाक लाल. रुमालात शिंकून ती म्हणाली, "हं. पाईपाखाली कोण काम करतं? तुम्ही? उभ्या राहा. मनात असेल ते मोकळेपणाने बोला."

मावशी उभी राहिली. फुलांकडे पाहिलं. गोल बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम निवळला, जसा ओळखीच्या घरी आल्यावर निवळतो. तिने डोक्याचा रुमाल सारखा केला, हात जोडले आणि म्हणाली, "चला, डोळे मिटू या."

मेलो आम्ही, मी मनात म्हटलं.

पण सवय म्हणजे सवय. तिने डोळे मिटा म्हटलं की आमच्यात दुकानांची शटरं पडतात तसे डोळे पडतात. सगळ्या बायांचे पडले. मॅनेजरचे तर सगळ्यांत आधी, हात पोटावर बांधून, मान खाली. तपासणीस बाईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि एकटीनेच बघत बसणं बरं दिसेना म्हणून तिनेही मिटले. मी प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवते. चळवळीत राहायचं तर ठेवावा लागतो. म्हणून पुढचं सगळं मी पाहिलेलं आहे.

"हे प्रेमळ बापा," मावशीने टेकडीवरच्या देवाला हाक घातली, आणि बाईच्या हातातला रुमाल खाली पडला. "आजचा दिवस तू दिलास. आम्ही मागितला नव्हता, कमावला नव्हता, तरी दिलास. तुझे आभार."

"आमेन!" मॅनेजरचं झाकण पडलं.

"आज डोक्यावरच्या पाईपातून फक्त थेंब गळले. त्या दिवसासारखी धार सुटली नाही. तुझे आभार."

"आमेन!"

"आणि सुटली तेव्हा तू माझ्या हातातली चादर पाडलीस, मला वाकवलंस. मी नुसती उभी असते तर आज हे कुणी दुसरंच बोलत असतं, आणि मी तुझ्याकडे बसून ऐकत असते. भिंतीचा रंग गेला, माझं डोकं राहिलं. तुझे आभार."

"आमेन!" मॅनेजर म्हणाला, पण या वेळी त्याच्या कपाळाला एक आठी पडली. डोळे मात्र मिटलेले. प्रार्थना चालू असताना डोळे उघडायचे नाहीत, हे त्याला आईनं कानशिलात देऊन शिकवलं असावं.

"प्रभू, आमच्या मॅनेजरसाहेबांबद्दल आभार. त्या फुटक्या सांध्याला बांधायला दवाखान्यात काही नव्हतं, तर त्यांनी स्वतःच्या घरचा टॉवेल आणला. तो निळा. त्यांच्या बायकोला तो टॉवेल अजून सापडत नाहीये, ती मला चर्चच्या पायऱ्यांवर विचारत होती. तिच्या मनाला शांती दे."

"आमे..." झाकण अर्ध्यात अडकलं. पण अर्धं बाहेर पडलेलं आमेन गिळता येत नाही. "...न," तो पुटपुटला.

बायांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले होते. मी ओठ चावून धरले.

"आणि रोलरपुढची दांडी," मावशी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला, टेकडीवरून उतरला, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा झाला. "दांडी होती तेव्हा माझ्या बोटांची काळजी तुला नव्हती. ती गेली तेव्हापासून तू स्वतः तिथं उभा आहेस, बापा. प्रत्येक चादरीला. मला कळतं ना. कधीकधी टोक देताना बोटाला गरम लागतं आणि कुणीतरी मागं ओढल्यासारखा हात मागं येतो. इतके दिवस तू दांडीच्या जागी उभा आहेस. तुला दुसरी कामं आहेत, वर किती माणसं तुझ्या नावानं हाका मारतायत. दमला असशील. तुझे आभार."

कुणी आमेन म्हटलं नाही. मॅनेजरनेही नाही. त्याची हनुवटी छातीला लागली होती. बायांचे खांदे थांबले होते. मी माझा दुसरा डोळाही मिटला. का ते विचारू नका.

"आणि या पाहुण्या बाईंची सर्दी बरी कर. त्यांना जरा आमच्या वाफेत येऊन उभं राहू दे, नाक मोकळं होईल. प्रभू येशूच्या नावाने मागते."

"आमेन," असा एक जाड, नाकातला आवाज आला. तो तपासणीस बाईचा होता.

तिने डोळे उघडले, रुमाल उचलला, नाक पुसलं. मॅनेजरकडे पाहिलं नाही. "चला," ती म्हणाली, "तो टॉवेल दाखवा मला."

ती पाईपाखाली गेली. मान वर केली. एक थेंब टपकला आणि नेमका तिच्याशेजारी उभ्या मॅनेजरच्या टकलावर पडला. "आई गं!" तो ओरडला. मग ती रोलरपुढे गेली, दांडीच्या रिकाम्या भोकांत बोट घालून पाहिलं. शेवटी म्हणाली, "वाफ बंद करा. पाईप बदलून दांडी लागेपर्यंत हा रोलर फिरणार नाही. चादरी हातानं इस्त्री करा, नाहीतर बाहेर पाठवा." जाताना मावशीला म्हणाली, "नाक खरंच मोकळं झालं हो."

मी मावशीला उचलून घ्यायचंच काय ते बाकी होतं. "मावशी! काय डाव टाकलास गं! त्याच्याच तोंडून आमेन वदवून घेतलंस!"

आणि तेव्हा मी आभारमावशीला पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. इवलीशी बाई, पण मी एक पाऊल मागे गेले. "डाव? देवापुढं डाव? मी प्रार्थना करत होते, तू काय तमाशा बघत होतीस? डोळा उघडा होता ना तुझा?"

"तुला कसं कळलं?"

"तुझा कधी मिटलेला असतो?" तिने रुमालाची गाठ ओढली. "तुला वाटतं, आभार मानले की माणूस गप्प बसतो. अगं, कशाबद्दल मानायचे ते आधी बघावं लागतं ना! मी रोज सकाळी बघते, देवानं काल मला कशाकशातून काढलं. तू बघतच नाहीस, तू नुसती ओरडतेस. देवाच्या दारात उभी राहून चपला फेकतेस. एकदा आत तर जा. बस. पाणी पी. मग माग काय मागायचं ते."

मला आयुष्यात कुणी असं बोललेलं नाही. बोललं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी घेतलं, पण एवढं म्हटलंच, "आणि मी जिन्यावर बसले नसते तर ती बाई आलीच नसती."

"हो की," मावशी म्हणाली. "तुझ्याबद्दल उद्या सकाळी मानणारच आहे. आज मानले तर उद्या शिळे होतील."

आणि मानले. भिंत थरथरली. "प्रभू, शेजारच्या पोरीचा राग तू पहिल्यांदा योग्य पत्त्यावर पोचवलास!" मी दार आपटायला उठले, आणि काय झालं कुणास ठाऊक, हळूच लावलं.

"काय झालं?" काकांचा आवाज. "दार मोडलं का तिचं?"

पाईप बदलला. दांडी आली, पिवळीधमक रंगवलेली. मॅनेजरने ती स्वतः उभं राहून बसवून घेतली, आणि हाताने दाबून दाबून पाहिलं की रोलर थांबतो का. थांबत होता. निळा टॉवेल मावशीने धुतला, रोलरमधून काढला, मी घडी घातली, आणि चर्चच्या पायऱ्यांवर त्याच्या बायकोच्या हातात दिला. ती म्हणाली, "अय्या, हा कुठं सापडला?" मॅनेजर पहिल्या बाकावर जाऊन बसला. हल्ली त्याचं आमेन जरा उशिरा पडतं. आधी काय म्हटलंय ते तो ऐकतो.

दांडी बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीला कान लावून बसले होते. चोरून नाही, माझीच भिंत आहे. "प्रभू, दांडी लागली. आता तुझा तो हात मोकळा झाला. थोडं बसून घे." मग जराशाने, "आणि बसून झालं की तो हात यांच्या घोरण्यावर ठेवलास तरी चालेल. बंद नको करू. नुसता बारीक कर."

"मी ऐकतोय," काका म्हणाले.

"तुमच्यासाठीच मोठ्याने बोलतेय."

मग एके सकाळी आवाजच आला नाही. मी जागी झाले आणि भिंत गप्प. वाट पाहिली. गप्प. मावशीने सांगितलेली ती गप्प खोली मला आठवली आणि मी अनवाणी धावले, त्यांचं दार बडवलं. काकांनी उघडलं. मावशी अंथरुणात बसली होती, गळ्याला फडकं गुंडाळून, घसा पार बसलेला, आणि दोन्ही हातांनी देवाला खुणा करून काहीतरी सांगत होती. खिडकीकडे बोट, गळ्याकडे बोट, मग काकांकडे.

"काय म्हणतेय ती?" मी धापा टाकत विचारलं.

"काय म्हणणार? आवाज गेला म्हणून आभार. नवऱ्याला पोटभर झोप मिळाली म्हणे." काका पुढे वाकले. "आणि खरं सांगू? मिळाली नाही. या शांततेत झोप येते होय कुणाला?"

मी माझ्या खोलीत परत आले, अंथरुणावर बसले, आणि माझ्या आयुष्यातले पहिले ताजे आभार मानले. मोर्चा न नेता. आत जाऊन, बसून. काय म्हटलं ते माझं आणि त्याचं. एवढंच सांगते की त्यात भिंतीचं नाव होतं, आणि ती पातळ असल्याचा उल्लेख होता.

राग गेलेला नाही, गैरसमज नको. पिळायच्या मशीनचं झाकण नीट बसत नाही, आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा जिन्यावर आहे. पण आता जाण्याआधी नीट बघून जाते.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे, आणि मी सहसा मागत नाही, हिसकावून घेते. उद्या सकाळी पहिली शिवी तोंडाशी आली की तिला जरा दारात थांबवा. आधी एक आभार माना. ताजे, कालचे नकोत. आणि डोळे मिटणार असाल तर एकच मिटा. दुसऱ्याने वर बघा, तुमच्या शेजारच्या माणसाच्या डोक्यावरून कुठला पाईप जातोय आणि त्याला कुणाचा टॉवेल बांधलाय. देव बराच वेळ दांडीच्या जागी उभा आहे. त्याला जरा बसू द्या.